फोन तुमचं इंग्रजी कसं ऐकतो?

इंग्रजीचा धडा मोठ्यानं वाचायला सांगितला, की भल्याभल्यांचा आवाज घशातच अडकतो. चुकलं तर वर्ग हसेल ना! मग न हसणारं, न कंटाळणारं कुणी ऐकायला मिळालं तर? 2019 मध्ये गूगलनं भारतात असं एक अ‍ॅप आणलं, ‘बोलो’. पुढे त्याचं नाव ‘रीड अलाँग’ झालं. त्यातली दिया नावाची मदतनीस तुमचं वाचन ऐकते आणि अडलात की शब्द उच्चारून दाखवते. गोष्टी एकदा उतरवून घेतल्या की इंटरनेटही लागत नाही.

पण दिया ऐकते म्हणजे नेमकं काय करते?

आवाज म्हणजे हवेची थरथर. बोलणं ऐकणारी यंत्रं ती थरथर साधारणपणे सेकंदाला 16,000 वेळा मोजतात. मग त्या आकड्यांचे छोटे छोटे तुकडे पाडून प्रत्येकात जाड आवाज किती, बारीक किती, ते तपासतात.

जरा आरशासमोर उभे राहा. ओठांचा चंबू करून म्हणा ‘वेस्ट’, म्हणजे पश्चिम. आता वरचे दात खालच्या ओठावर टेकवून म्हणा ‘व्हेस्ट’, म्हणजे बनियन. दुसऱ्या वेळी दातांपाशी हवा घासून बारीकशी फसफस होते. बोलण्याच्या ओघात आपण मराठी माणसं हे दोन्ही अनेकदा सारखेच उच्चारतो. यंत्राला मात्र ती फसफस आकड्यांत सापडू शकते.

खरी गंमत पुढे आहे. बोलून टाइप करताना तुम्ही ‘सूर्य व्हेस्टला मावळतो’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य म्हणालात, तरी फोन बहुधा ‘वेस्ट’च लिहील. लाखो वाक्यं वाचून त्याला ठाऊक झालंय, की सूर्य बनियनमध्ये मावळत नाही! टाइप करायला हे छानच, पण शिकणाऱ्याची चूक त्यात झाकली जाते. वाचन शिकवणाऱ्या अ‍ॅपचं काम उलटं. वाक्य त्याच्यासमोर आधीच असतं. त्याला फक्त पाहायचं असतं, की ऐकलेलं त्याच्याशी जुळतं का.

इथे तुमच्यासारख्या मुलांसमोर एक अडचण येते. तुमच्या घशापासून ओठांपर्यंतची वाट मोठ्यांपेक्षा आखूड, म्हणून तुमचा आवाजही वेगळा घुमतो. फक्त मोठ्यांचे आवाज ऐकून तयार झालेलं यंत्र त्यामुळे गोंधळतं, आणि बरोबर उच्चारालाही चूक म्हणू शकतं. तेव्हा त्यानं चूक दाखवली तरी हिरमुसू नका, बाईंनाही एकदा म्हणून दाखवा.

आणि घरी एक प्रयोग कराच. एकच इंग्रजी वाक्य आधी बाबांना, मग धाकट्या भावंडाला फोनसमोर बोलायला सांगा. फोन कुणाचं काय लिहितो, ते शेजारी शेजारी ठेवून बघा.