कृपेच्या घरात शेवटचा शब्द कोणाचा?

ख्रिस्ती लग्नाला गेलेल्या इतरधर्मीय पाहुण्याच्या कानावर बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या पत्रातला एक उतारा बहुतेक वेळा पडतोच. इफिस शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पत्राचा तो पाचवा अध्याय. पत्नीने पतीच्या अधीन राहावे आणि पती हा पत्नीचे मस्तक आहे, असे त्यात सांगितले आहे. पाहुण्याला वाटते, हे तर आपल्याकडेही आहे, फक्त पोथी वेगळी. ख्रिस्ती मंडळींमध्येही गेल्या काही वर्षांत याच उताऱ्याच्या आधाराने ‘पती हा घराचा आध्यात्मिक पुढारी’ ही शिकवण शिबिरांतून आणि मोबाइलवरच्या उपदेशांतून जोराने दिली जाते. घरच्या प्रार्थनेला सगळ्यांना त्याने बसवावे, मुलांना शास्त्र त्याने शिकवावे, आणि मतभेद झाला तर शेवटचा शब्द त्याचा. यातल्या पहिल्या दोन गोष्टींना कोणाची हरकत असेल असे वाटत नाही. प्रार्थनेला स्वतःहून बसणारा नवरा मिळाला तर बहुतेक घरांत त्याचे स्वागतच होईल. प्रश्न तिसऱ्या गोष्टीचा आहे. ख्रिस्ती धर्माच्या गाभ्याशी जी कृपेची कल्पना आहे, तिच्याशी हा ‘शेवटचा शब्द’ जुळत नाही, असे माझे म्हणणे आहे, आणि त्यासाठी धर्माबाहेरच्या कोणत्याही तत्त्वज्ञानाची मदत घ्यावी लागत नाही. पौलाचे तेच पत्र पुरते.

त्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल सांगतो की माणसाचे तारण त्याच्या कर्तबगारीने होत नाही. ते देवाकडून मिळालेले दान आहे, म्हणून कोणी फुशारकी मारू नये. कृपा म्हणजे हीच न कमावलेली देणगी. आता जो माणूस देवापुढे रिकाम्या हाताने उभा आहे, तो तशाच रिकाम्या हाताने उभ्या असलेल्या दुसऱ्या माणसावर कोणत्या भांडवलावर अधिकार सांगणार? पाचव्या अध्यायातही पत्नीविषयीच्या वाक्यांच्या आधी, सर्वांनी एकमेकांच्या अधीन असावे, अशी सूचना आहे. ती लग्नात अनेकदा वाचलीच जात नाही. पुढे पत्नीला उद्देशून तीन वचने आहेत आणि पतीला उद्देशून त्याच्या दुपटीहून जास्त. ख्रिस्ताने मंडळीसाठी जीव दिला तशी प्रीती पतीने करावी, असे त्यांत म्हटले आहे. रोमन साम्राज्यात कुटुंबप्रमुखाची सत्ता बायको, मुले आणि गुलाम या सगळ्यांवर चालत असे. त्या काळच्या इफिसमध्ये पत्नीने ऐकावे हे सांगायला प्रेषिताची गरज नव्हती, ते घराघरात चाललेच होते. धक्का बसला असेल तो पतीला, कारण त्याच्याकडे आधीपासून असलेल्या अधिकाराचा वापर मरणापर्यंत उतरण्यासाठी करायला त्याला सांगितले जात होते.

आपल्याकडे पाहायचे तर, कोल्हापूरच्या प्रोटेस्टंट मंडळींचा या कृपेच्या शिकवणीशी जुना संबंध आहे. रॉयल वायल्डर आणि एलायझा वायल्डर हे अमेरिकन दांपत्य १८५२ मध्ये इथे आले आणि पुढे १८७० मध्ये हे काम अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेले. प्रेस्बिटेरियन परंपरा म्हणजे धर्मसुधारक कॅल्व्हिनची. तिच्यात कृपा हा सगळ्या शिकवणीचा पाया. गंमत अशी की याच परंपरेच्या घरांत बापाचा धाकही मोठा होता. कृपा व्यासपीठावरून आणि धाक माजघरात, असे दोन्ही सुखाने नांदत आले. मिशनच्या कामाने मात्र त्याला हळूहळू छेद दिला. एलायझाबाईंनी मुलींच्या शिक्षणात लक्ष घातले, पुढे १८९४ मध्ये मिरजेला मिशन हॉस्पिटल उभे राहिले, आणि शिक्षिका, परिचारिका म्हणून पगार आणणाऱ्या ख्रिस्ती स्त्रिया या पट्ट्यात लवकर दिसू लागल्या. रात्रपाळी करून आलेल्या पत्नीला पुढारीपणाची व्याख्या समजावून सांगणे कोणत्याही नवऱ्याला जरा जडच जात असणार.

पण पतीच्या धार्मिक अधिकाराचा प्रश्न कोल्हापुरात मिशनरी येण्याच्या दोनशे वर्षे आधीच उभा राहिला होता, आणि तो ख्रिस्ती घरात नव्हे. संत बहिणाबाई (१६२८–१७००) वेरूळजवळच्या देवगावच्या. कुटुंब भटकत भटकत कोल्हापूरला आले, तेव्हा त्या लहान मुलगीच होत्या आणि नवरा वयाने कितीतरी मोठा, वैदिक ब्राह्मण. इथे जयराम स्वामींच्या कीर्तनात त्यांना तुकोबांच्या अभंगांची ओढ लागली आणि इथेच स्वप्नात तुकोबांचा अनुग्रह झाला. नवऱ्याला ते सहन झाले नाही. ब्राह्मणाच्या बायकोने शूद्राला गुरू मानायचे, तेही त्याला न विचारता! त्याने मारहाण केली, घर सोडून जायची तयारी केली. मग तो आजारी पडला, आजारात त्याचे मन पालटले आणि पुढे तेच जोडपे देहूला जाऊन राहिले. बहिणाबाईंनी हे सगळे स्वतःच्या आत्मचरित्रपर अभंगांतून सांगून ठेवले आहे. अनुग्रह नवऱ्याच्या मार्फत येत नाही, तो थेट येतो, ही गोष्ट त्यांच्या आयुष्यातून दिसते. पातिव्रत्य त्यांनी सोडले नाही, नवऱ्याची सेवाही केली. फक्त देवाकडे जायची परवानगी त्याच्याकडे मागितली नाही. मराठी ख्रिस्ती माणसाने हा दाखला परका मानायचे कारण नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे रेव्हरंड नारायण वामन टिळकच सांगत असत.

टिळकांचाच संसार या विषयावरचा मराठीतला सर्वांत मोठा पुरावा आहे, कारण त्याची साक्ष पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात लिहून ठेवली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तो लक्ष्मीबाईंना विश्वासात न घेता. दोन्ही घरांवर आभाळ कोसळले. पुढची काही वर्षे लक्ष्मीबाई नातेवाइकांकडे, नवऱ्यापासून दूर राहिल्या. या काळात कायदा टिळकांच्या बाजूने होता. धर्मांतरामुळे जोडीदाराने सोडून दिले तर ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीला लग्न मोडून मागण्याची सोय १८६६ च्या कायद्याने केली होती. टिळकांनी ती वाट धरली नाही. दुसरे लग्न केले नाही आणि बाप्तिस्म्याची सक्तीही केली नाही. लक्ष्मीबाई त्यांच्याकडे राहायला आल्या त्या स्वतःचा धर्म आणि स्वतःचे सोवळे घेऊन, आणि त्या घरात ख्रिस्ती नवरा आणि सोवळ्यातली बायको एकत्र नांदली. पौलाने करिंथच्या मंडळीला असाच सल्ला दिला होता: विश्वास न ठेवणारा जोडीदार राहायला राजी असेल तर त्याला सोडू नये. जातिभेद माणसांनी केलेला आहे, देवाने नव्हे, या निष्कर्षाला लक्ष्मीबाई स्वतःच्या विचाराने आल्या. सोवळे आधी सुटले, बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये.

इथे जाणकार वाचक दोन्ही बाजूंनी हरकत घेईल. एक म्हणेल, शेवटी ती त्याच्या मागे गेलीच ना? मग पुढारीपण खरेच ठरले, फक्त जरा धीराचे. दुसरा विचारेल, बायकोला न सांगता तिचे सारे जग उलटेपालटे करणाऱ्या माणसाला कृपेचे उदाहरण म्हणायचे? दुसरी हरकत मला पूर्ण मान्य आहे. १८९५ चा तो निर्णय म्हणजे ‘शेवटचा शब्द’ गाजवण्याचाच प्रकार होता, आणि त्याची किंमत लक्ष्मीबाईंनी मोजली. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना आपण हसतो खरे, पण त्या हसण्याखाली लहरी, उदार आणि घरखर्चाचे भान नसलेल्या नवऱ्याबरोबर संसार ओढण्याची कसरत आहे. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडून ‘देवाचा दरबार’ नावाचा भक्तांचा मेळा मांडला. आध्यात्मिक दृष्टीने ते पाऊल थोर असेल, पण घरचे गणित कोणी सांभाळायचे हे ठरलेलेच होते. पहिल्या हरकतीला उत्तर असे की बायको वळावी म्हणून वाट पाहणे हा डाव झाला, आणि डावाला कृपा म्हणत नाहीत. लक्ष्मीबाई वळल्या नसत्या तरी टिळकांनी त्यांना टाकले नसते, असे त्या वर्षांतल्या त्यांच्या वागण्यावरून मानायला जागा आहे. शिवाय गोष्ट १९०० वर थांबत नाही. ९ मे १९१९ रोजी टिळक गेले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरेच होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी त्याचे चौसष्ट अध्याय लिहून ते पुरे केले. येशूचे चरित्र मराठी ओवीत पुढे नेण्याचे काम त्या घरात अखेर कोणाकडे आले, हे पुढारीपणाची व्याख्या करणाऱ्यांनी पाहायला हवे.

मतभेद मिटलाच नाही तर काय, हा प्रश्न मग हमखास येतो. घर चालवायचे तर कोणीतरी एकाने ठरवलेच पाहिजे, असे म्हणतात. व्यवहारात पाहिले तर नोकरीची बदली, मुलाची शाळा, आईवडिलांचे आजारपण अशा गोष्टींत ज्याला त्यातले जास्त कळते किंवा ज्याच्या अंगावर त्याचा भार जास्त पडणार आहे, त्याचे ऐकणे शहाणपणाचे असते. ते कळणे दर वेळी पुरुषाकडेच असेल असे कोणत्याच शास्त्रात लिहिलेले नाही. खरा पेच उरला तर थांबता येते. कृपेवर जगणाऱ्या माणसाला थांबणे अपमानाचे वाटू नये, कारण आपले सगळे आपल्या निर्णयावरच अवलंबून आहे असे तो मानत नाही.

याहून गंभीर आक्षेप स्त्रियांच्या बाजूचा आहे. कृपा, क्षमा, सहनशीलता हे शब्द कितीतरी बायकांना गप्प बसवण्यासाठी वापरले गेले आहेत. मार खाऊन आलेल्या बाईला ‘प्रार्थना कर, देव त्याला बदलेल’ एवढेच सांगून परत पाठवणारी मंडळी असतात. जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बोनहॉफर यांनी १९३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात अशा कृपेला ‘स्वस्त कृपा’ म्हटले होते. पश्चात्ताप न मागता पापाला सूट देणारी. क्षमा ही मार खाणारीने द्यायची गोष्ट आहे, मारणाऱ्याने मागून घ्यायचा हक्क नव्हे, आणि क्षमा केली म्हणून त्याच घरात राहायचे बंधन येत नाही. कोल्हापूरला तर हे कळायला चर्चची वाट पाहावी लागली नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ मध्येच संस्थानात स्त्रियांच्या छळाला प्रतिबंध करणारा कायदा केला होता. बहिणाबाई ज्या गावात नवऱ्याच्या हातचा मार खात होत्या, त्याच गावात पावणेतीनशे वर्षांनी तो मार गुन्हा ठरला. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आज सगळ्या धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे, ख्रिस्ती स्त्रीलाही.

चर्चने मात्र स्वतःच्या घरात पाहायला हवे, कारण ‘मस्तक’ या कल्पनेचा विपर्यास कायद्यातही उतरला होता. ख्रिस्ती लोकांसाठी इंग्रज सरकारने केलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यात पतीला पत्नीचा व्यभिचार सिद्ध केला की सुटका मिळे. पत्नीला तेवढे पुरत नसे. नवऱ्याच्या व्यभिचाराबरोबर क्रूरता, परित्याग असे आणखी काहीतरी दाखवावे लागे. नुसती क्रूरता असेल तर तीही पुरेशी नव्हे. म्हणजे पौल ज्याच्याकडून जास्त मागत होता, त्याच्याकडून कायदा कमी मागत होता. हा भेद मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९७ मध्ये घटनाबाह्य ठरवला आणि संसदेने २००१ मध्ये कायदा बदलला. मध्ये १३२ वर्षे गेली. या काळात व्यासपीठांवरून पत्नीच्या अधीनतेवर जेवढे बोलले गेले, त्याच्या मानाने पतीला दिलेल्या या सवलतीवर किती बोलले गेले असेल, याचा अंदाज वाचकाने करावा.

पुढारीपण हा शब्दच टाकून द्यावा का? मला तसे वाटत नाही. घरात कोणालातरी पहिल्यांदा माफी मागावी लागते, पहिल्यांदा टीव्ही बंद करून प्रार्थनेला बसावे लागते, आपली चूक मुलांदेखत कबूल करावी लागते. यात पुढे होणारा तो पुढारी, आणि हे काम कोणत्याही दिवशी दोघांपैकी कोणीही करू शकतो. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात अक्विला आणि प्रिस्किल्ला हे तंबू शिवणारे जोडपे येते. अपुल्लोस नावाच्या विद्वान उपदेशकाला त्या दोघांनी मिळून शिकवले, आणि नव्या करारात त्यांचा उल्लेख येतो तेव्हा बायकोचे नाव बरेचदा आधी येते. आज चर्च ऑफ नॉर्थ इंडियात, म्हणजे कोल्हापूर धर्मप्रांत ज्या मंडळीचा भाग आहे तिच्यात, स्त्रियांना पाळक म्हणून दीक्षा मिळते. दक्षिण भारतातल्या भगिनी मंडळीत २०१३ मध्ये ई. पुष्पा ललिता बिशप झाल्या. रविवारी पत्नीने वेदीपाशी उभे राहून सगळ्या मंडळीला, त्यात बसलेल्या नवऱ्यालाही, आशीर्वाद द्यायचा आणि सोमवारी घरात तिच्यावर शेवटचा शब्द नवऱ्याचा, हे कसे बसवायचे? मंडळीचे पद वेगळे आणि घरची व्यवस्था वेगळी, असे उत्तर काही जण देतात. पण मग इफिसच्या पत्रात पौलाने घराची तुलना मंडळीशीच का केली, हे त्यांना सांगावे लागेल.