फुले जिवंत माणसांसाठीही

२ नोव्हेंबरला, मृत भाविकांच्या स्मरणदिनी, बीदर-कलबुर्गीच्या या सीमाभागातील आपल्या दफनभूमी झेंडू-शेवंतीने पिवळ्याधमक दिसतात. एका वर्षी कबरींना आशीर्वाद देऊन परतताना मी एका वृद्ध विधवेच्या घरी गेलो. त्यांच्या टोपलीत शेवंतीची दोन-चार फुले उरली होती. ‘आजी, ही तांब्यात पाणी घालून उशापाशी ठेवा,’ असे मी म्हटले. त्या दचकल्या.

‘फादर, आता मला फुलं कशाला? लोक काय म्हणतील?’

त्या शब्दांनी मी अंतर्मुख झालो. मातीखाली निजलेल्या पतीला टोपलीभर फुले. पण एकाकी घरात दिवस कंठणाऱ्या पत्नीला एकही नको!

वाचकहो, फूल ही निव्वळ शोभेची वस्तू नव्हे. अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ जेनेट हॅविलँड-जोन्स यांनी २००५ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. काही स्त्रियांना फळे, काहींना मेणबत्ती, तर काहींना फुले भेट दिली गेली. फुले मिळालेल्या प्रत्येक स्त्रीच्या मुखावर खरे, डोळ्यांपर्यंत पोहोचलेले हास्य उमटले. वृद्धांना फुले दिली, तेव्हा त्यांची मनःस्थिती सुधारली व स्मरणही अधिक चांगले आढळले. या प्रयोगांना फूलविक्रेत्यांच्या संस्थेचे साहाय्य होते. म्हणून ते थोड्या सावधपणेच स्वीकारावेत. तथापि २००८ साली पार्क व मॅटसन या संशोधकांनी पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या ९० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या खोलीत फुलझाडांच्या व हिरव्या रोपांच्या कुंड्या होत्या, त्यांना वेदनाशामक औषधे कमी लागली आणि त्यांची चिंता व थकवाही कमी आढळला.

याचे कारण मला असे दिसते. दुःखी माणसाला सगळे दिवस सारखेच वाटतात. फूल मात्र रोज बदलते. कळी उमलते, पाकळी गळते. त्याचे पाणी बदलण्यासाठी तरी उठावे लागते. सुन्न झालेल्या मनाला एवढे निमित्तही पुष्कळ असते.

चर्चलाही फुलांची ही भाषा ठाऊक आहे. उपवासकाळात वेदीवर फुले ठेवू नयेत असा नियम आहे. चौथा रविवार व मोठे सण तेवढे अपवाद. मग पुनरुत्थानाच्या रात्री फुले वेदीवर परततात आणि लहान मुलालाही कळते, की शोक सरला! चर्चने शोकाला मुदत घातली आहे. विधवेच्या शोकाला मात्र आपण मुदतच ठेवली नाही. तिने फुलाला हात लावू नये, हा आपल्या धर्माचा नियम नव्हे. जुन्या रूढीतून ती चाल आपल्या घरांत राहून गेली आहे.

फुलांसाठी पैसा खर्चण्याचे कारण नाही. मोरीच्या सांडपाण्यावर जास्वंद, तगर सहज वाढतात. सदाफुली तर आपल्या कडक उन्हाळ्यातही तग धरते. उन्हाळ्यात मोगरा, पावसाळ्याच्या अखेरीस झेंडू व थंडीत शेवंती असतेच. फुले पहाटे तोडावीत, देठ तिरपा कापावा, पाण्यात बुडणारी पाने काढून टाकावीत व पाणी रोज बदलावे. कण्हेर विषारी आहे; लहान मुलांच्या घरी ती ठेवू नये. दम्याच्या रोग्याजवळ उग्र वासाची फुलेही नकोत. आणि ज्याची झोप, भूक व उमेद आठवडेच्या आठवडे हरपली आहे, त्याला डॉक्टरांकडेच न्यावे. फूल सोबत करील, औषधाची जागा घेणार नाही.

त्या आजींनी त्या दिवशी माझ्या आग्रहाखातर फुले ठेवून घेतली. पुढे नाताळच्या सुमारास गेलो, तर त्याच तांब्यात सदाफुलीची डहाळी दिसली. ‘कोणी आणून दिली?’ मी विचारले. ‘दारातच लावलीय, फादर,’ त्या म्हणाल्या आणि हसल्या.

कबरीवर फुले जरूर वाहा. पण त्यांतली दोन घरी परत आणा आणि जी व्यक्ती सर्वांत गप्प बसून असते, तिच्या उशापाशी ठेवा.