मनाच्या आजाराची नोंद आणि सीमेवरचा रुग्ण

दवाखान्याचे उंबरे झिजवणाऱ्या प्रत्येक कुटुंबापाशी एक पिशवी असते. केसपेपर, रक्त तपासल्याचे कागद, गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या आणि कधीकाळच्या चिठ्ठ्या तिच्यात कोंबलेल्या असतात. मधुमेहाचा किंवा रक्तदाबाचा रोगी ही पिशवी उजळ माथ्याने डॉक्टरांपुढे ठेवतो. मनाच्या आजाराची चिठ्ठी मात्र तिच्यात बहुधा सापडत नाही. ती कपाटाच्या तळाशी लुगड्यांच्या घडीत दडवलेली असते. किंवा घरात लग्नाची बोलणी सुरू होताच चुलीत गेलेली असते. ह्या चिठ्ठीची जागा आता संगणकातील नोंदीने घ्यावी आणि मनाची विचारपूस मोबाइलवरूनही व्हावी, असे प्रयत्न चालू आहेत. त्यांवर जगभर संशोधनही होत आहे. बीदर आणि कलबुर्गी ह्या सीमेवरील जिल्ह्यांतील लोकांनी ते समजून घेणे विशेष अगत्याचे आहे. त्याचे कारण ह्या भूमीच्या इतिहासात आहे.

१९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा हैदराबाद राज्यातील बीदर जिल्ह्याचे तीन वाटे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके त्या वेळच्या मुंबई राज्यात गेले. आज ते लातूर जिल्ह्यात आहेत. काही भाग आंध्र प्रदेशाकडे गेला आणि तो आता तेलंगणात आहे. बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद हा मुलूख म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात आला. नकाशावर रेषा उमटली. पण सोयरीक, बाजार आणि दवाखाना ह्यांनी ती रेषा फारशी मानली नाही. कमलनगरच्या माणसाला उदगीर जवळचे, आळंदच्या माणसाला सोलापूर ओळखीचे, आणि दुखणे मोठे असेल तर हैदराबाद आहेच. घरात मराठी, कचेरीत कन्नड, पेठेत दखनी उर्दू, अशी इथली रीत. साहजिकच एकाच रोग्याचे कागद दोन-तीन राज्यांत विखुरले जातात, आणि एका ठिकाणच्या डॉक्टराला दुसऱ्या ठिकाणच्या उपचारांचा पत्ता नसतो.

ह्याने काय बिघडते, हे एका उदाहरणावरून कळेल. मन कधी उत्साहाच्या टोकाला तर कधी नैराश्याच्या गर्तेत जाते, अशा आजारावर लिथियम नावाचे औषध अनेक वर्षे वापरात आहे. औषध गुणकारी आहे, पण त्याचे रक्तातील प्रमाण एका अरुंद मर्यादेत राखावे लागते. ते कमी पडले तर गुण येत नाही. जास्त झाले तर हात कापू लागतात, उलट्या होतात, तोल जातो, आणि प्रसंगी जिवावर बेतते. म्हणून मधून मधून रक्त तपासावे लागते. आता गुडघेदुखीवर सर्रास दिल्या जाणाऱ्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा गोळ्यांनी रक्तातील लिथियम वाढू शकते. बीदरला लिथियम घेणारा एखादा रोगी सोलापूरला गुडघा दाखवावयास गेला आणि संकोचापायी पहिल्या औषधाविषयी बोललाच नाही, तर त्या डॉक्टराने निर्धास्तपणे लिहून दिलेली साधी गोळी त्याला अपाय करील. इथे दोष कोणत्याच डॉक्टराचा नाही. दोष आहे तो न पोहोचलेल्या नोंदीचा.

इलेक्ट्रॉनिक आरोग्य-नोंद ह्या उणिवेवरचा उपाय आहे. केसपेपराचे छायाचित्र संगणकात ठेवले म्हणजे अशी नोंद झाली, असे नव्हे. आजार, औषध, मात्रा, तपासणीचे आकडे ही माहिती ठरावीक साच्यात भरलेली असते. त्यामुळे ती शोधता येते, मागील आकड्यांशी ताडून पाहता येते, आणि दोन औषधे परस्परांना बाधक असल्यास संगणक तशी सूचनाही देऊ शकतो. मनोविकारांच्या बाबतीत कर्नाटक सरकारने ‘ई-मानस’ नावाची व्यवस्था उभारली आहे. बंगळूरची निम्हान्स ही मनोविकारसंस्था आणि तेथीलच आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्था ह्यांनी तिच्या घडणीत भाग घेतला. उपचारसंस्था, तज्ज्ञ आणि रुग्ण ह्यांच्या नोंदी तिच्यात ठेवण्याची सोय आहे.

परंतु राज्याची व्यवस्था राज्यापुरती. सीमेवरच्या माणसाची गरज त्यापलीकडची. त्यासाठी २०२१ च्या सप्टेंबरमध्ये देशभर सुरू झालेले आयुष्मान भारत डिजिटल मिशन उपयोगी पडावे. त्यात इच्छुक नागरिकाला ‘आभा’ नावाचा चौदा आकडी क्रमांक मिळतो. नोंद जिथे तयार झाली त्या रुग्णालयातच राहते. रुग्णाने संमती दिली म्हणजे ती दुसऱ्या डॉक्टराला पाहता येते. संमती कोणत्या कामासाठी आणि किती मुदतीसाठी, हे रुग्णाने ठरवावयाचे असते, आणि दिलेली संमती परतही घेता येते. दोन्ही टोकांची रुग्णालये त्या व्यवस्थेत सामील असली, तरच अर्थात हे साधते.

आता मोबाइलवरच्या साधनांकडे वळू. त्यांच्या मागचा विचार वाटतो तितका नवा नाही. कलबुर्गीच्या दक्षिणेकडील बळ्ळारी जिल्ह्यात १९८५ पासून निम्हान्सने एक प्रयोग केला. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर आणि गावोगाव फिरणारे आरोग्यसेवक ह्यांना मनाचे आजार ओळखण्याचे व साधे उपचार करण्याचे शिक्षण देण्यात आले. तज्ज्ञ थोडे, रोगी पुष्कळ. तेव्हा तज्ज्ञांची विद्या वाटून दिली पाहिजे, हा त्यामागचा हिशेब. पुढे १९९६ साली निघालेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमास हाच नमुना मिळाला. गोव्यात २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानेही असेच दाखवले की, नीट शिकवलेला समुपदेशक हाताशी असेल तर सरकारी आरोग्य केंद्रांत नैराश्य व चिंता ह्यांतून बरे होण्याचे प्रमाण वाढते. तरीही उणीव मोठीच राहिली. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात सुमारे १०.६ टक्के प्रौढांना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले; आणि विकारपरत्वे शंभरातील ७० ते ९२ रोग्यांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते.

ही दरी मोबाइलने किती भरून निघते? संशोधनाचे उत्तर दुहेरी आहे. आंध्र प्रदेश व हरियाणा येथील ४४ प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या परिसरात एक अभ्यास झाला. त्यात आशा कार्यकर्तींच्या हाती टॅब्लेट देण्यात आले. त्यावरील प्रश्न विचारून त्या धोक्यातील माणसे ओळखीत. ती माहिती डॉक्टराच्या टॅब्लेटवर जाई, उपचारांविषयी सूचना मिळे, आणि कोणाच्या घरी आधी फेरी मारावयाची हे आशाला रंगांच्या खुणांवरून कळे. वर्षअखेर ह्या गटातील लोकांचे नैराश्य इतर गटाच्या मानाने कमी झालेले आढळले. ह्याच्या उलट, लोकांनी आपापल्या मोबाइलवर उतरवून घेतलेल्या ९३ मनोस्वास्थ्य-ॲपची पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात असे दिसले की, महिन्याभराने ॲप उघडणारे लोक शंभरात सरासरीने तीन-चारच उरतात. बंगळूरमध्ये जन्मलेल्या ‘वायसा’ ह्या संवाद साधणाऱ्या ॲपच्या २०१८ च्या अभ्यासात, ते अधिक वापरणाऱ्यांना अधिक आराम पडल्याचे दिसले. पण जो नेटाने वापरतो तो मुळातच बरे होण्याच्या वाटेवर असेल, ही शंका अशा अभ्यासात उरतेच. दोन्ही तऱ्हांची तुलना केली तर एवढे म्हणता येते की, यंत्रापलीकडे दारात येणारे माणूस असेल तिथे यंत्राचा उपयोग टिकतो.

२०२२ च्या १० ऑक्टोबरला सुरू झालेली ‘टेलि-मानस’ ही सेवा अशाच माणसांवर चालते. १४४१६ हा क्रमांक फिरवला की प्रशिक्षित समुपदेशक बोलतो, आणि गरज पडल्यास पुढे तज्ज्ञाशी गाठ घालून देतो. सेवा विनामूल्य असून वीस भाषांत आहे. पहिल्या तीन वर्षांत तिच्याकडे वीस लाखांहून अधिक दूरध्वनी आले.

भाषेचा प्रश्न इथे गौण समजू नये. नैराश्य मोजण्यासाठी नऊ प्रश्नांची एक सूची २००१ पासून जगभर वापरली जाते. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. दहा वा अधिक गुण आले तर पुढील तपासणी करावी, असा संकेत आहे. पण औरादकडची बाई ‘मला नैराश्य आले आहे’ असे म्हणत नाही. ‘जीव घाबरा होतो’, ‘कशात मन लागत नाही’, ‘डोक्यात मुंग्या येतात’ असे ती म्हणते. कन्नड सूची वाचून दाखवली आणि उत्तर मराठीत आले, तर मधल्या मध्ये अर्थ गळतो, आणि नोंदीत शिरलेला चुकीचा आकडा पुढच्या प्रत्येक डॉक्टराला चकवतो. म्हणून सूचीचे भाषांतर करून भागत नाही. त्या भागातील लोकांत ती पारखून घ्यावी लागते. शिवाय घरात एकच मोबाइल असेल आणि तो मुलाच्या किंवा नवऱ्याच्या खिशात असेल, तर सुनेने मन मोकळे कुठे करावे? अशा घरी आशाने ओट्यावर बसून केलेली विचारपूसच कामास येते.

राहिला प्रश्न गुप्ततेचा, आणि तोच सर्वांत नाजूक आहे. फिनलंडमधील वास्तामो नावाच्या मानसोपचार संस्थेच्या नोंदी चोरीस गेल्या आणि २०२० साली ते उघड झाले. सुमारे ३३,००० रुग्णांनी बंद दाराआड सांगितलेल्या गोष्टी चोराच्या हाती पडल्या. ‘पैसे द्या, नाहीतर हे जगजाहीर करू’ अशी पत्रे खुद्द रुग्णांना गेली. गुन्हेगाराला २०२४ साली सहा वर्षे तीन महिन्यांची शिक्षा झाली. परंतु एकदा फुटलेले गुपित कोणत्याही शिक्षेने परत मिळत नाही. चुलीत टाकलेली चिठ्ठी निदान कोणी वाचत नाही. संगणकातील नोंद मात्र एका रात्रीत हजारो हातांत जाऊ शकते.

आपल्याकडे मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ ह्याने रुग्णाला गुप्ततेचा हक्क दिला आहे, आणि इलेक्ट्रॉनिक नोंदींनाही तो लागू आहे. आपल्या उपचारांचे कागद पाहण्याचा हक्कही त्यातच आहे. हे हक्क वापरावयाचे तर चार गोष्टी विचारण्याची सवय लागली पाहिजे: नोंद कोण पाहणार, कशासाठी, किती दिवस, आणि नको झाल्यास संमती परत कशी घ्यावयाची. ज्या ॲपला ह्यांची सरळ उत्तरे देता येत नाहीत, त्याच्यापाशी मन उघडे न केलेले बरे. आणि आरोग्य केंद्रातील कारकुनाने रुग्णाचा अंगठा घेण्यापूर्वी, संमती म्हणजे काय हे त्याला समजेल अशा बोलीत सांगितले पाहिजे.

तेव्हा सीमाभागातील रुग्णासाठी नोंदीने दोन गोष्टी साधावयास हव्यात. बीदरहून सोलापूरला तो गेला तर तिने त्याच्याबरोबर जावे, आणि तिची किल्ली त्याच्याच हाती राहावी. ती घडी नीट बसेपर्यंत, चालू असलेल्या प्रत्येक औषधाचे नाव व मात्रा एका कागदावर लिहून तो कागद त्या जुन्या पिशवीत ठेवावा. दुखणे गुडघ्याचे असो की दाताचे, डॉक्टराला तो आधी दाखवावा. मनाचे औषध त्या यादीत लिहिताना हात अडखळणार नाही, तेव्हा संगणकाचे काम पुष्कळ सोपे झालेले असेल.