तेल जळते, मग वात का जळत नाही?

गेल्या वर्षी वसुबारसेच्या संध्याकाळी तुळशीवृंदावनापाशी पहिली पणती ठेवली जात असताना माझ्या सात वर्षांच्या नातीने विचारले, "आजोबा, वात कापसाची आहे ना? मग ती लगेच जळून का जात नाही?" मी म्हणालो, "ती तेलात भिजली आहे म्हणून." ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "पण तेलात भिजवलेला बोळा पेटवला, तर तो जास्तच पेटतो." हा आक्षेप बिनतोड होता. साठ वर्षांहून अधिक काळ जी वात मी दर दिवाळीला पाहत आलो, तिच्याविषयी मला काहीच ठाऊक नव्हते, आणि प्रश्न मिटवण्यासाठी जे हाताशी आले ते मी तिच्यापुढे ठेवले होते, हे मला त्या क्षणी स्पष्ट दिसले. "मला नीट ठाऊक नाही, शोधून सांगतो," असे कबूल करून मी तिच्याकडून लक्ष्मीपूजनापर्यंतची मुदत मागून घेतली.

या शोधात जो ग्रंथ मला सर्वाधिक उपयोगी पडला, तो मुलांसाठीच दिलेल्या व्याख्यानांचा आहे. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेत 1825 सालापासून नाताळच्या सुटीत बालश्रोत्यांसाठी व्याख्यानमाला होऊ लागल्या, आणि 1827 ते 1860 या काळात त्यांपैकी एकोणीस माला एकट्या मायकेल फॅरडे यांनी गुंफल्या. विद्युत् आणि चुंबकत्व यांचा संबंध उलगडून ज्यांनी जनित्राचा पाया घातला, त्या शास्त्रज्ञाने मुलांसमोर बोलण्यासाठी विषय निवडला तो एका साध्या मेणबत्तीचा. आणि तोही एकदा नव्हे, तर 1848 आणि 1860 अशा दोन्ही वर्षांच्या नाताळात. दुसऱ्या खेपेची सहा व्याख्याने विल्यम क्रुक्स यांनी संपादित करून 1861 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. फॅरडे दांपत्याला अपत्य नव्हते, ही गोष्ट ती व्याख्याने वाचताना मला वारंवार आठवत राहिली, कारण मुलाची नजर कोठे अडखळेल याची इतकी अचूक जाण घरात मुले असणाऱ्यांच्या ठायीही विरळाच आढळते.

नातीच्या प्रश्नाचे उत्तर त्या पानांत टप्प्याटप्प्याने सापडत गेले. पहिला टप्पा तेल वर कसे चढते हा. पंचाचे एक टोक बादलीतल्या पाण्यात आणि दुसरे बाहेर लोंबते राहिले, तर थोड्या वेळाने बाहेरच्या टोकातून पाणी ठिबकू लागते, हा अनुभव प्रत्येक घरातला आहे. फॅरडे यांनीही हात पुसण्याच्या टॉवेलाचा असाच दाखला दिला होता. तंतूंमधल्या बारीक पोकळ्यांतून द्रव आपोआप वर खेचला जातो, आणि याच केशाकर्षणाच्या जोरावर पणतीतले तेल वातीच्या टोकापर्यंत पोहोचते. दुसरा टप्पा याहून महत्त्वाचा. वातीच्या टोकाशी पोहोचलेले तेल द्रवरूपात जळत नाही. ज्योतीच्या उष्णतेने त्याची वाफ होते आणि जळते ती ही वाफ. तेलाची वाफ होण्यात पुष्कळ उष्णता खर्ची पडते, त्यामुळे खालून अखंड ओले होत राहणारे टोक, ज्योतीत उभे असूनही, कापूस भडकण्याइतके तापू शकत नाही.

तिसरा टप्पा मला स्वतःला सर्वस्वी नवा होता. फॅरडे यांनी कागदाचा एक तुकडा ज्योतीच्या मध्यावर क्षणभर आडवा धरला आणि जळण्यापूर्वी चटकन काढून घेतला, तेव्हा त्यावर काळे वलय उमटले आणि वलयाचा मध्य कोराच राहिला. याचा अर्थ असा की ज्योत आतून पेटलेली नसते. तिचे दहन चालते ते बाहेरच्या कडेवर, जेथे वाफेला हवेतील प्राणवायू भेटतो. वात उभी असते ती नेमकी या वायुहीन गाभ्यात. तेल संपले की वाफेचा पुरवठा थांबतो, ज्योत खाली बसते, टोक तापते, हवा थेट कापसाशी येते, आणि इतका वेळ सुरक्षित राहिलेली वात मग जळू लागते. नातीचा तेलात भिजलेला बोळा भडकतो, कारण त्याला चहूबाजूंनी हवा मिळते आणि त्यातले थोडके तेल संपल्यावर खालून नवे तेल चढवणारा साठा त्याच्यापाशी नसतो.

मेणबत्तीच्या बाबतीत हेच उत्तर अर्धवट ठरते, आणि येथे निसर्गाच्या जोडीला मानवी कल्पकता उभी राहते. पूर्वीच्या मेणबत्त्यांची वात पिळलेल्या सुताची असे. मेण उतरत जाई तशी वात ज्योतीत लांब उरून काजळी धरी आणि ती चिमट्यासारख्या खास कात्रीने वारंवार खुडावी लागे, जशी आपल्या आज्या समईच्या वातीची काजळी काडीने झाडीत. 1825 च्या सुमारास फ्रान्समध्ये कांबासेरेस यांनी वात वेणीसारखी विणण्याची युक्ती काढली. विणलेली वात जळताना एका अंगाला वाकते, तिचे टोक ज्योतीच्या बाहेरच्या कडेला जाते, तेथे त्याला हवा मिळते आणि वाढलेला भाग आपोआप जळून राख होतो. म्हणजे पणतीची वात जळू नये हे आपल्या सोयीचे, तर मेणबत्तीची वात मेणाबरोबर बेताने जळत जावी ही हेतुपुरस्सर केलेली तजवीज. कोणाच्याही नजरेत न भरणाऱ्या या वाकड्या टोकामागे एका माणसाचा विचार उभा आहे, हे कळल्यापासून मी साधी मेणबत्तीही सावकाश पाहू लागलो आहे.

फॅरडे यांच्या अंगी ही दृष्टी कोठून आली, याचा तपशील फार हृद्य आहे. लोहाराचा हा मुलगा शालेय शिक्षणाला जवळजवळ पारखा होऊन वयाच्या चौदाव्या वर्षी एका पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवार म्हणून लागला. तेथे बांधणीस आलेल्या पुस्तकांत जेन मार्सेट या विदुषीचा, 1806 साली प्रसिद्ध झालेला, रसायनशास्त्रावरील ग्रंथ त्याच्या हाती पडला. या ग्रंथाची रचना संवादरूप आहे: एक शिक्षिका आणि एमिली व कॅरोलिन या दोन मुली, मुली विचारतात, शंका काढतात, मध्येच अडवतात, आणि शास्त्र या अडवणुकीतून पुढे सरकते. पुढे कीर्तीच्या शिखरावर असताना फॅरडे यांनी एका पत्रात कृतज्ञतेने नमूद केले आहे, की त्या ग्रंथातील विधाने आपण आपल्या ऐपतीप्रमाणे लहानसहान प्रयोग करून पडताळून पाहिली आणि ती खरी ठरली, तेव्हाच आपला त्यावर विश्वास बसला. छापील शब्द आहे म्हणून त्याने तो मानला नाही. दुसऱ्या कोणी विचारलेल्या प्रश्नांवर वाढलेला हा मुलगा म्हातारपणी प्रश्न विचारणाऱ्या मुलांसमोर उभा राहिला, यात मला एक ऋण फेडल्यासारखे वाटते.

पणतीकडून गाडी काडेपेटीकडे वळणे अपरिहार्य होते. "काडी पेटीच्या कडेलाच का घासायची? भिंतीवर का पेटत नाही?" हा नातीचा पुढचा प्रश्न. इंग्लंडमधील स्टॉक्टन गावचे औषधविक्रेते जॉन वॉकर यांनी 1827 साली घासून पेटणाऱ्या काड्या विकायला आणल्या. नंतर काडीच्या गुलात पांढरा फॉस्फरस आला आणि काडी कोठेही घासली तरी पेटू लागली. परंतु त्याच्या वाफांनी कारखान्यांतील कामगारांची जबड्याची हाडे कुजू लागली. 1845 साली व्हिएन्नाच्या आंटोन श्र्योटर यांनी त्याच मूलद्रव्याचे तांबडे, निरुपद्रवी रूप सिद्ध केले, आणि 1850 नंतरच्या दशकात स्वीडनमधील योन्शोपिंग येथील लुंडस्ट्रोम बंधूंनी त्यावर आधारलेली सुरक्षित काडेपेटी बाजारात आणली. तिचे मर्म फारकतीत आहे: पेटण्यास आवश्यक त्या द्रव्यांपैकी प्राणवायू पुरवणारे पोटॅशियम क्लोरेट काडीच्या गुलात आणि तांबडा फॉस्फरस पेटीच्या कडेवर. दोघांची गाठ घर्षणातच पडते, म्हणून भिंतीवर घासलेली काडी बहुधा मुकी राहते. मात्र सुरक्षित काडी उपलब्ध झाल्यावरही पांढऱ्या फॉस्फरसचा वापर चालूच राहिला. 1888 साली लंडनच्या काडेपेटी कारखान्यातील स्त्रिया व मुली आपल्या हालांविरुद्ध संपावर गेल्या, आणि पांढऱ्या फॉस्फरसच्या बंदीचा आंतरराष्ट्रीय करार बर्न येथे व्हायला 1906 साल उजाडले. सात वर्षांच्या मुलीला हा भाग सांगावा की न सांगावा, याचा मी दोन दिवस विचार केला, आणि अखेर सांगितला. "मग त्यांनी आधीच चांगली काडी का नाही वापरली?" असे तिने विचारले. स्वस्त पडत होती म्हणून, हे खरे उत्तर मला द्यावे लागले.

मुले किती विचारतात, याची मोजदादही अभ्यासकांनी केली आहे. बार्बरा टिझर्ड आणि मार्टिन ह्यूज यांनी 1984 साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात सुमारे चार वर्षांच्या तीस मुलींचे बोलणे घरी आणि बालशाळेत ध्वनिमुद्रित केले होते. घरी आईपाशी या मुली तासाला सरासरी 26 प्रश्न विचारीत. शाळेत हा आकडा 2 वर येई. त्यांपैकी एक मुलगी खिडक्या पुसायला येणाऱ्या माणसाला पैसे का द्यायचे, एवढ्या एकाच गोष्टीचा माग दीर्घकाळ काढत राहते, आणि तिच्या आईची उत्तरे अपुरी असूनही ती पुन्हापुन्हा त्याच दाराशी येऊन उभी राहते. या आकड्यांचा दोष शिक्षिकांच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते. पुष्कळ मुलांत वाटल्या गेलेल्या लक्षाला एकेका मुलाच्या शंकेपाशी थांबायला उसंत नसते. पण जे काम तेथे होत नाही ते अन्यत्र व्हावयास हवे, आणि ते अंगावर घेणारी माणसे आपल्या देशात झाली आहेत.

मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात 1972 साली किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी सोळा शाळांतून प्रयोगाधिष्ठित विज्ञानशिक्षणाचा उपक्रम सुरू केला. त्यात 'सवालीराम' नावाचे एक काल्पनिक पात्र होते. खेड्यातील मुलांनी आपले प्रश्न त्याला पत्राने कळवावेत आणि त्याच्या नावाने त्यांना उत्तरे जावीत, अशी ही व्यवस्था. हा उपक्रम 2002 साली शासनाने बंद केला, याची मला आजही हळहळ वाटते. महाराष्ट्रात जयंत नारळीकरांनी हेच काम एकट्याने केले. स्वाक्षरीसाठी घेरणाऱ्या मुलांना ते सांगत, की मनातला प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठवा, उत्तराखाली स्वाक्षरी मिळेल. विश्वाच्या उत्पत्तीवर आयुष्यभर चिंतन करणाऱ्या माणसाने कोण्या गावच्या मुलाला स्वहस्ते चार ओळी लिहाव्यात, याचे मोल त्या मुलाच्या घरात ते कार्ड किती वर्षे जपले गेले असेल, यावरूनच करता येईल.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री, ठरल्याप्रमाणे, मी नातीला फॅरडे यांचा एक प्रयोग दाखवला. मेणबत्ती स्थिर जळू दिली, अलगद विझवली, आणि वातीतून वर चढणाऱ्या पांढुरक्या धुराच्या रेषेला, वातीपासून दोन बोटे वर, पेटती काडी लावली. ज्योत धुरातून झेप घेत खाली उतरली आणि मेणबत्ती पुन्हा पेटली. काडीचा वातीला स्पर्शही झाला नव्हता. तो धूर म्हणजे न जळलेल्या मेणाची वाफच, हे मला वेगळे सांगावे लागले नाही. पाच वेळा तिने तो प्रयोग करायला लावला. मग देवघरातल्या पणतीकडे पाहत म्हणाली, "तेलाचीही अशीच वाफ निघत असेल ना? तिच्यावर करून पाहू या?" पणती फुंकून मालवायची नाही, हा आमच्या घराचा पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता. मी तसे सांगताच ती आजीची परवानगी काढायला स्वयंपाकघराकडे धावली, आणि मी काडेपेटी हातात घेऊन तिची वाट पाहत उभा राहिलो.