ताबा कोणाकडे, प्रतीक्षेत कोण?

रामाकोना हे नागपूर-छिंदवाडा लोहमार्गावरील एक स्थानक. रुंदीकरणासाठी 2015 साली जुना मार्ग बंद झाला, तोवर येथून नॅरोगेज गाड्या एकेरी रुळांवरून धावत. एकेरी मार्गाचा नियम साधा आहे: दोन स्थानकांमधील टप्प्यात एका वेळी एकच गाडी. पुढून ‘लाइन क्लिअर’ मिळाल्याखेरीज स्टेशनमास्तर गाडी सोडीत नाही. गाडी कशासाठी थांबली हे मास्तरास ठाऊक असते. डब्यातील उतारूस ते सहसा कळत नाही. त्याच्या त्राग्याचे मूळ विलंबाइतकेच या अज्ञानातही असते.

मेनफ्रेम संगणकातही हाच प्रश्न उभा राहतो. आयबीएमने 1964 साली सिस्टिम/360 ही मालिका जाहीर केली; तिच्या वंशातील यंत्रे आजही मोठमोठ्या बँकांचे हिशेब सांभाळतात. त्यांवर एकाच वेळी असंख्य कामे चालतात. फाइल नुसती वाचावयाची असल्यास ती अनेकांस एकदम मिळते. तीत बदल करावयाचा असल्यास ती एकट्याच्या ताब्यात द्यावी लागते. अन्यथा दोघांनी एकच शिल्लक वाचून आपापली रक्कम मांडली, तर मागून आलेली नोंद आधीची नोंद पुसून टाकील. म्हणून यंत्र दुसऱ्यास रांगेत उभे करते.

रांग आवश्यकच आहे. उणीव असते ती सूचनेत. काम अडले की चालकाच्या पडद्यावर ते फाइलीच्या प्रतीक्षेत असल्याचा संदेश उमटतो. फाइल उघडू पाहणाऱ्यास ‘फाइल वापरात आहे’ एवढेच प्रथम कळते. चालकाने स्वतंत्र आज्ञा देऊन चौकशी केली, म्हणजे ताबा कोणाकडे आणि ताटकळत कोण, हे यंत्र सांगते. ही चौकशी टाळून घाईने निर्णय घेतला, तर निरपराध काम रद्द होते आणि अडथळा जागच्या जागी राहतो. दोन कामे परस्परांजवळील फाइलींसाठी अडून बसली, तर नुसत्या प्रतीक्षेने काहीच सुटत नाही. एकास माघार घ्यावीच लागते. ती कोणी घ्यावी, हे माहितीवाचून ठरवणे धोक्याचे.

ज्याच्या हाती फाइल आहे, त्यालाही आपल्यामुळे कोणी खोळंबले आहे याची कल्पना असतेच असे नाही. म्हणून चांगली सूचना वाट पाहणारा, ताबेदार आणि चालक या तिघांनाही पोचावी. वस्तू कोणती, ती कोणाकडे, केव्हापासून आणि मागे कोण उभे, एवढे तीत असावे. मग पुष्कळदा सक्तीची गरजच उरत नाही. ज्याचे काम उरकले आहे तो आपण होऊन वाट मोकळी करतो.