पाणी असूनही नळी जळते तेव्हा

मी बी.ए. झालेला माणूस, कविता लिहिणारा. उष्णतेचं शास्त्र हा काही माझा प्रांत नव्हे. पण माझा धाकटा भाऊ बॉयलरवर कामाला होता. एकदा तिथली नळी फुटली आणि त्याचा उजवा हात भाजला. इस्पितळातल्या खाटेवरून तो मला एकच विचारत होता, ‘‘भाई, नळीत पाणी होतं. मग ती जळली कशी?’’

नळी फुटायला कारणं अनेक असतात. पण पाणी असूनही धातू जळू शकतो, याची खूण आमच्या अम्मीच्या तव्यावर होती. भाकरी टाकण्याआधी ती तव्यावर पाणी शिंपडायची. तवा बेताचा तापलेला असला की थेंब चर्र करून उडून जाई. फार तापला की तोच थेंब मोत्यासारखा घरंगळत राही, लवकर आटतच नसे. थेंबाखाली वाफेची पातळ गादी तयार होते आणि तिच्यातून उष्णता नीट जात नाही. लायडेनफ्रॉस्ट या जर्मन वैद्यानं १७५६ मध्येच हे लिहून ठेवलं होतं.

पुढे १९३४ मध्ये जपानच्या शिरो नुकियामा यांनी पाण्यात तार बुडवून तिच्यातून वीज सोडली. वीज वाढवली की बुडबुडे वाढत आणि तेच तारेची उष्णता ओढून नेत. पण एका मर्यादेनंतर बुडबुड्यांची इतकी दाटी होते, की पाणी तारेपर्यंत पोचतच नाही. मग तारेचं तापमान एकदम शेकडो अंशांनी चढतं. त्यांची नायक्रोमची तार तर पाण्यातच वितळली! साध्या दाबाला पाण्याची ही मर्यादा साधारणपणे नखाएवढ्या जागेला शंभर वॉट.

उभ्या, तापलेल्या नळीत याहून नवल घडतं. तळाशी पाणी, मग बुडबुडे. आणखी वर मधोमध वाफ धावते आणि भिंतीला पाण्याचा पातळ पापुद्रा तेवढा उरतो. तो सुकला की भिंत तापलीच. आपण म्हणू, पाणी जोरात सोडा! वाफ कमी असते तिथं हे खरंही आहे. पण जिथं वाफेचंच राज्य आहे, तिथं वाफेचं प्रमाण तेच ठेवून वेग वाढवला तर मर्यादा उलट खाली येऊ शकते. कारण वेगवान वाफ तो पापुद्रा ओरबाडते, त्याचे थेंब करून पळवून नेते. पाणी नळीत असतं, भिंतीवर नसतं.

तारापूरला १९६९ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या याच जातीच्या. त्यांत पाणी इंधनाच्या कांड्यांमधूनच उकळत वर चढतं. म्हणून अशी भट्टी या मर्यादेपासून पुरेसं अंतर राखूनच चालवावी लागते. कांड्या एकमेकींपासून दूर धरणाऱ्या जाळ्याही इथं कामी येतात. त्या प्रवाह घुसळतात आणि वाफेतले थेंब पुन्हा कांड्यांवर बसायला मदत होते.

हे सगळं मी भावाला सांगितलं. तो आपल्या हातावरच्या वळाकडे बघत बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘‘म्हणजे भाई, पाणी असणं वेगळं आणि पाणी पोचणं वेगळं.’’

एवढ्या थोडक्या शब्दांत मला ते सांगता आलं नसतं.