आठ ट्रॅक म्हणजे आठ माइक नव्हे! घरचं रेकॉर्डिंग सुरू करताना

घरी रेकॉर्डिंगचं काम सुरू करायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "सर, कुठलं मशीन घेऊ?" मी उलट विचारतो, एका वेळी किती जणांचा आवाज घ्यायचाय?

कारण पैसे इथेच अडकतात. खोक्यावर 'आठ ट्रॅक' वाचून माणूस समजतो, आठ माइक लागतील. टॅस्कॅमचा डीपी-008ईएक्स बघा. ट्रॅक आठ, पण एका वेळी रेकॉर्ड होतात दोनच. झूमच्या आर16 वर सोळा ट्रॅक आणि एकदम आठ इनपुट. दुकानांच्या जाहिराती करून द्यायच्या असतील, एकेकट्या गायकाचं काम असेल, तर दोन इनपुट पुरतात. आधी गिऱ्हाईक कोण ते ठरवा, मग हप्ता बांधून घ्या.

दोन इनपुटवर पूर्ण गाणं होतं, फक्त थरावर थर चढवायचे. आधी तबला, मग हेडफोनवर तो ऐकत पेटी, मग गळा. पेटी चुकली तर तेवढीच परत घ्यायची, तबलजीला पुन्हा बोलवायला नको. ही सोय घरात आणली ती टॅस्कॅमच्या पोर्टास्टुडिओने, 1979 साली, साध्या कॅसेटवर चार ट्रॅक देऊन. ब्रूस स्प्रिंगस्टीनचा 1982 चा 'नेब्रास्का' अल्बम त्याच्यावरच घरी झाला. खरं तर ते नुसते नमुने म्हणून केले होते!

भजनी मंडळाची ऑर्डर आली तर मात्र पद्धत बदला. भजनाची लय चढत जाते. मशीनचा क्लिक लावलात तर भजनातला जीवच जातो. म्हणून पखवाज आणि मुख्य गायक एकत्र घ्या, दोन इनपुट तिथे वापरा. मग पेटी, मग कोरस. टाळ सगळ्यात शेवटी, वेगळे. टाळ खोलीत असले की प्रत्येक माइकमध्ये शिरतात आणि नंतर काही केल्या निघत नाहीत.

लेव्हल लावताना गायकाला सर्वात वरचा सूर जोरात लावायला सांगा आणि मीटर -12 डीबीच्या आसपास ठेवा. तालमीत हळू गाणारी माणसं टेकला हमखास जोर लावतात. फाटलेला आवाज मिक्सिंगमध्ये सहसा सुधारत नाही. पंखा बंद, कुकरची वेळ टाळा. कंडेन्सर माइक असेल तर 48 व्होल्टची फँटम पॉवर चालू केली का बघा, नाहीतर "मशीन खराब आहे" म्हणत बसाल.

रेट सांगताना मिक्सिंगचे तास धरा. दोन बदल मोफत, तिसऱ्यापासून पैसे, हे व्हॉट्सॲपवर आधीच लिहून पाठवा. आणि मंडळी चहा पिऊन निघायच्या आत कार्डातलं सगळं लॅपटॉपवर उतरवा. 16 बिटचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला साधारण 5 एमबी घेतो. आठ ट्रॅकचं पाच मिनिटांचं गाणं म्हणजे 200 एमबीच्या थोडं वर. कार्ड पुसायचं ते पैसे जमा झाल्यावरच.